सुरतेत वाजणारा खानदेश

श्रोतेहो, राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या आणि तहनामे यांची नोंद बखरींतून राहते. पोटासाठी गाव सोडून गेलेल्या माणसांची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. आज जळगाव-धुळ्याकडून सुरतेस गेलेल्या आपल्या बांधवांविषयी, आणि परमुलखात वाद्यांच्या गजरात ते ज्या रात्री जागवितात त्यांविषयी चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

खानदेश आणि सुरत यांचा संबंध आजकालचा नव्हे. मोगलाईत सुरत बंदरातून बऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी रस्ता खानदेशातूनच जात असे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हा १६१५ साली जहांगीर बादशहाच्या दरबारी निघाला, तो याच वाटेने नंदुरबारवरून बऱ्हाणपुरास पोहोचला. पुढे एकोणिसावे शतक सरत असता तापी खोऱ्यातील आगगाडीने सुरत आणि अमळनेर ही गावे जोडली. पाऊस रुसला, विहिरी आटल्या, वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडले, म्हणजे याच लोहमार्गाने आपली माणसे पश्चिमेची वाट धरू लागली. सुरतेचे यंत्रमाग आणि साड्यांच्या रंगाई-छपाईचे कारखाने यांना हात हवे होते. आपल्या तरुणांना काम हवे होते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज खानदेशी कुटुंबांची दाट वस्ती आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ३० एप्रिल १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. सीमारेषा अशी पडली की, नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही भाग गुजरातेत आहे. काल जे नुसते परगाव होते, ते एका रात्रीत परमुलुख झाले. कचेरीची आणि बाजाराची भाषा गुजराती, घरची मात्र अहिराणी, असा संसार सुरू झाला. तापी तेवढी बदलली नाही. भुसावळजवळून वाहणारी तीच नदी सुरतेवरून पुढे समुद्रास मिळते.

अशा परमुलखात खानदेश दृष्टीस पडतो तो दोन रात्री. एक लग्नातील हळदीची, दुसरी श्रावणातील कानबाईची. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळास कानबाईचे रूप देऊन, दागिन्यांनी सजवून ती चौरंगावर बसवितात. रोटांचा नैवेद्य होतो, आणि रात्रभर अहिराणी गाण्यांनी जागरण चालते. सोमवारी सकाळी बाया कानबाई डोक्यावर घेऊन नाचत निघतात, तेव्हा पुढे बँड वाजत असतो. यंत्रमागाच्या खडखडाटाने बधिर झालेले कान क्लॅरोनेटचा पहिला सूर उमटताच ताजे होतात. शिरपूरचा, पारोळ्याचा, साक्रीचा आणि चोपड्याचा माणूस एकाच ठेक्यावर पाऊल टाकतो. आपल्या मुलखात असताना प्रत्येकजण आपल्या गावाचा आणि आपल्या भाऊबंदकीचा असतो; तेथे त्या रात्री सारेच प्रथम ‘खानदेशी’ होतात.

गंमत अशी की, ज्या बँडला आपण इतके आपले मानतो, त्यातील मुख्य वाद्ये परदेशी आहेत. क्लॅरोनेट अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे घडले. ट्रंपेटासारख्या पितळी वाद्यांना कळा बसविण्याची युक्ती १८१५ च्या सुमारास त्याच देशात निघाली. गोऱ्या पलटणींबरोबर ही वाद्ये हिंदुस्थानात आली. छावणीतून ती संस्थानिकांच्या दरबारी गेली, आणि तेथून सामान्यांच्या वरातीत उतरली. मीरत येथे १८८५ साली सुरू झालेली नादिर अली यांची पेढी पुढे ही वाद्ये येथेच घडवू लागली. आपल्या वादकांनी लष्करी कवायतीचे सूर बाजूस सारले आणि कानाने ऐकलेली गाणी त्या पितळेतून काढली. म्हणजे जर्मनीत जन्मलेले वाद्य गुजरातेत अहिराणी बोलते! घरापासून दूर असलेल्या माणसाप्रमाणे वाद्यालाही नवा मुलुख आपला करून घेता येतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या वादनाचे मोल नुसत्या करमणुकीचे नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीस भिल्ल भाषांच्या शेजारी स्थान मिळाले; २०११ च्या खानेसुमारीत ती भाषा सांगणारे सुमारे साडेअठरा लाख लोक नोंदले गेले. सुरतेची महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. परंतु अहिराणी हे शाळेचे माध्यम सुरतेतही नाही आणि जळगाव-धुळ्यातही नाही. तेव्हा लिंबायतेत जन्मलेल्या मुलाच्या कानी ती पडावयाची आईच्या बोलण्यातून, नाही तर वरातीतल्या गाण्यातून. ज्या पिढीला आजोळचे गाव सुट्टीपुरतेच ठाऊक, तिला आपली बोली नाचता नाचता पाठ होते. पुस्तकांनी जे काम हाती घेतले नाही, ते बँडवाल्याने न सांगता केले आहे.

आणि तरीही त्या बँडवाल्याची आपण किती कदर करतो? झगमगीत टोपी आणि लाल अंगरखा घातलेला तो वादक वरात मांडवाशी पोहोचताच विसरला जातो. ज्याच्या सुरावर शंभर माणसे नाचली, त्याचे नाव त्यांतील दहांनाही ठाऊक नसते. लग्नसराई सरली की पुष्कळांना शेतमजुरी किंवा हमाली करावी लागते. त्यातच आता ‘डीजे’च्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. एक यंत्र आणि एक चालक यांनी पंधरा माणसांचे काम होते, आणि पंधरा घरांतील विद्या त्या घरांतच विरून जाते. ध्वनिमुद्रित गाणे वाजविता येईल. परंतु नाचणाऱ्या म्हातारीचा श्वास लागलेला पाहून ठेका हळू करण्याची माणुसकी त्या यंत्रास कोठून यावी?

श्रोतेहो, ज्यांचे आप्त सुरतेस असतील, त्यांनी येत्या श्रावणात कानबाईच्या निमित्ताने तेथे अवश्य जावे. रात्रीची गाणी ऐकावी, म्हाताऱ्या बायांकडून ती वहीत उतरून घ्यावी, आणि सकाळी बँड थांबला म्हणजे क्लॅरोनेटवाल्यास पाणी देऊन त्याचे नाव, गाव आणि गुरू विचारावा. वहीत गाण्यांखाली ते नावही लिहून ठेवावे. खानदेशाच्या इतिहासातील एक कोरे पान तेवढ्याने भरू लागेल.