ओलसर जखमोपचार

ओलसर जखमोपचार ही जखमेचा पृष्ठभाग कोरडा पडू न देता, त्यातील ओलावा योग्य प्रमाणात राखून जखम भरून आणण्याची उपचारपद्धती होय. भाजल्याच्या जखमा, मधुमेही रुग्णांच्या पायावरील व्रण, शय्याव्रण आणि शिरांच्या विकारामुळे पायावर होणारे पाझरते व्रण यांसाठी तिचा उपयोग केला जातो. जखम उघडी ठेवून वाळवावी, खपली धरली म्हणजे ती बरी होते, या रूढ समजुतीच्या उलट असे हे तत्त्व आहे.

इतिहास

सुश्रुतसंहितेत व्रणावर मध व तूप वापरण्याचा उल्लेख आढळतो. आधुनिक काळात या पद्धतीचा पाया जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने घातला. १९६२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या व काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. पुढील वर्षी हिनमन व मायबाख यांनी मानवी त्वचेवर असाच निष्कर्ष नोंदविला.

कार्यपद्धती

नवी त्वचा तयार करणाऱ्या पेशी जखमेच्या कडेकडून मध्याकडे सरकतात. पृष्ठभाग ओला असल्यास त्या सहज पुढे जातात. खपली धरल्यास त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. ताज्या जखमेतून झरणाऱ्या लसीत वाढीस साहाय्यक घटकही असतात. तथापि दीर्घकाळ चिघळलेल्या जखमेच्या स्रावात प्रथिने विघटित करणारी विकरे अतिरिक्त प्रमाणात असतात. असा स्राव साचून राहिल्यास भोवतालची निरोगी त्वचा पांढरी पडून मऊ होते आणि जखम वाढते. म्हणून जखम ओलसर असावी, चिंब नसावी, हे या उपचाराचे सूत्र आहे.

पट्ट्यांचे प्रकार

पट्टीची निवड स्रावाच्या प्रमाणावर अवलंबून असते.

हायड्रोजेल: यात बहुतांश पाणी असते. कोरड्या किंवा मृत ऊती चिकटलेल्या जखमेला ते ओलावा पुरविते व वेदना कमी करते. फार पाझरणाऱ्या जखमेवर ते योग्य नाही.

हायड्रोकोलॉइड: अल्प ते मध्यम स्राव शोषून या पट्टीतील द्रव्याचे जेलमध्ये रूपांतर होते.

अल्जिनेट: तपकिरी समुद्रशैवालापासून बनविलेली ही पट्टी स्वतःच्या वजनाच्या अनेक पट स्राव शोषते व तिचेही जेल बनते.

फोम: पॉलियुरेथेनची ही मऊ पट्टी मध्यम ते अधिक स्रावासाठी वापरतात.

महाराष्ट्रातील संशोधन

आयात केलेल्या पट्ट्यांची किंमत सामान्य रुग्णाला परवडत नसल्याने महाराष्ट्रातील शल्यचिकित्सकांनी स्थानिक पर्याय शोधले. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात एम. एच. केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांसाठी वापरली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांच्या पट्टीचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केळीचे पान जखमेला चिकटत नसल्याने पट्टी बदलताना होणाऱ्या वेदना व्हॅसलीन गॉजच्या तुलनेत कमी होत्या.

सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. मधाची पट्टी वापरलेल्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुविरहित झाल्या. सिल्व्हर सल्फाडायझिन मलम वापरलेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. वैद्यकीय उपयोगाचा मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातील मध तसा नसतो.

हिंगोली जिल्हा आणि हळद

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा, विशेषतः वसमत तालुका, हळदीसाठी प्रसिद्ध आहे. ‘वसमत हळद’ हिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जखमेवर हळद दाबण्याची प्रथा येथे, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, घरोघर आहे. याच गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट देण्यात आले होते. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व शोधनिबंध पुरावा म्हणून सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा निर्णय हळदीचा उपयोग नवा नाही, एवढेच सिद्ध करणारा होता. डब्यातील भुकटी जखमेवर सुरक्षित आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. ही भुकटी निर्जंतुक नसते, जखमेत अडकते आणि तिच्या रंगामुळे जखमेची खोली व संसर्ग ओळखणे कठीण होते.

हळद शिजविण्याच्या हंगामात उकळत्या पाण्याने व वाफेने भाजण्याचा धोका असतो. अशा वेळी भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, स्वच्छ कापडाने सैलसर झाकावा व रुग्णाला दवाखान्यात न्यावे. हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे.

मर्यादा

ओलसर पट्टी मूळ आजारावरील उपचाराची जागा घेत नाही. मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर, शिरांच्या विकारात पायाला द्यावयाचा दाब, शय्याव्रणात कूस बदलणे यांवाचून जखम भरत नाही. दुर्गंधी, पू, वाढती लाली, ताप किंवा काळी पडलेली त्वचा दिसल्यास हवाबंद पट्टी लावू नये व विनाविलंब वैद्यकीय तपासणी करावी. खोल भाजल्यास बहुधा त्वचारोपण करावे लागते. मातीने माखलेल्या जखमेनंतर धनुर्वाताच्या लसीची आवश्यकता तपासली जाते.