वाघिणींच्या मधला माणूस

1946 चा डिसेंबर. उजाडायला अजून अवकाश आहे आणि तुम्ही डहाणू रोडच्या मालधक्क्यावर उभे आहात. एका बाजूला खाडीपलीकडच्या धाकट्या डहाणूतून आलेल्या सुक्या बोंबलांच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला मुंबईच्या तबेल्यांसाठी दाबून बांधलेल्या गवताच्या गासड्या. याच गवताच्या कापणीसाठी पाचशे पौंडांना अडीच रुपये मजुरी मागत वारली आदिवासींनी नुकताच संप केला. त्यांना संघटित करणाऱ्या गोदूताई परुळेकरांचं नाव इथे अजून दबक्या आवाजात घेतलं जातं.

पण तुम्ही रुळांकडे बघा. बीबीसीआय रेल्वेचं इंजिन वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, रांग मागे ढकलत आणतंय. शेवटच्या वाघिणीचे दोन्ही बफर उभ्या वाघिणीच्या बफरांना भिडायच्या बेतात असताना कंदील घेतलेला एक माणूस वाकतो आणि बफरांखालून आत शिरतो. दोन वाघिणींच्या मधे, रुळांवर. बफर आदळतात, स्प्रिंगा दबतात. त्या क्षणाला तो आकडा उचलतो, लोखंडी कडी त्यावर टाकतो आणि दांडा फिरवत स्क्रू आवळायला लागतो. दवाने लोखंड निसरडं झालंय. ड्रायव्हरला आतलं काही दिसत नाही, त्याला दिसतो तो फक्त बाहेर थांबलेल्या जोडीदाराचा हात. तो हात चुकून वेळेआधी हलला तर काय होईल, हे धक्क्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

माणूस बाहेर येतो, तळहात धोतराला पुसतो आणि पुढच्या जोडाकडे निघतो.

त्याने उचललेली ती कडी नीट बघून ठेवा. मालगाडी किती वजन ओढणार हे निव्वळ इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही, या कडीवरही ठरतं. कडी जाड केली तर गाडी जास्त ओझं ओढेल, पण मग एकट्या माणसाला ती उचलणार नाही. मालगाडीचं वजन माणसाच्या दंडाशी बांधलेलं होतं, आणि वर तो दंड रोज बफरांच्या मधे घालावा लागत होता. मला यातली दुसरी गोष्ट जास्त छळते.

तोडगा तोवर जुना झालेला होता. अमेरिकेत ईलाय जॅनी नावाच्या माणसाने 1873 मध्येच पेटंट घेतलं होतं: दोन हातांची वाकवलेली बोटं एकमेकांत अडकावीत तसे दोन पोलादी जबडे, धक्का लागताच मिटणारे आणि आपोआप कुलूपबंद होणारे. तिथे कपलिंग करताना इतक्या कामगारांची बोटं आणि जीव गेले की 1893 मध्ये कायदाच करावा लागला. जपानने कित्येक वर्षं तयारी केली आणि 17 जुलै 1925 रोजी होन्शू बेटावरच्या डब्यांचे जोड एका दिवसात बदलले. युरोपच्या बहुतेक मालगाड्यांना मात्र आजही स्क्रू कपलिंगच आहे. आपल्याकडे 1960 च्या सुमाराला आठ चाकांच्या बॉक्स वाघिणींबरोबर हे मधलं कपलर, रेल्वेवाल्यांचं सीबीसी, मालगाड्यांत आलं.

आता 1995 मध्ये या. जागा तीच, पण आभाळात 275 मीटर उंचीची चिमणी उभी आहे. खाडीकाठचं पाचशे मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र याच वर्षी सुरू झालंय. ते इथे नको म्हणून डहाणूकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि पुढच्याच वर्षी न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण प्राधिकरण नेमलं जाणार आहे. ते भांडण खरं होतं, चिकूच्या वाड्यांचं आणि खाडीतल्या मासळीचं होतं.

छत्तीसगडच्या खाणींतून निघालेला कोळशाचा रेक येतोय. अठ्ठावन्न बॉक्सएन वाघिणी, ओझ्यासकट सुमारे 4,700 टन. इंजिनामागच्या पहिल्या जोडावर हात ठेवल्याची कल्पना करा. मागच्या सगळ्या गाडीची ओढ त्या एका पोलादी मुठीतून जाते. आधी ओढ मधल्या कडीतून जायची आणि धक्का कडेच्या बफरांवर यायचा. आता दोन्ही एकाच मध्यरेषेवर येतात, आणि आतलं ड्राफ्ट गिअर त्यांचा हिसका पचवतं. गाडी हलताना कान द्या. मधली ढील एकेका जोडात ताणली जाते आणि खण्‌ खण्‌ असा आवाज इंजिनापासून ब्रेकव्हॅनपर्यंत धावत जातो. ओढ फारच झाली तर आधी नकल, म्हणजे फिरता जबडा, मोडावा अशीच त्याची घडण असते. तो बदलता येतो, अख्खं कपलर बदलणं फार जिकिरीचं. हे पोलाद माणसाला रोज उचलायचं नसल्यामुळेच ते इतकं जाड करता आलं, आणि म्हणूनच खाणीपासून इतक्या दूर, समुद्राकाठी, एवढा कोळसा जाळायचा बेत परवडला. कपलरने माणसाला वाचवलं आणि त्याच कपलरने कोळसा धाकट्या डहाणूच्या दारात आणला. मला दोन्ही सांगावंसं वाटतं.

साइडिंगमध्ये वाघिणी तोडायच्या आहेत. पॉइंट्समन बाहेरच उभा राहून कडेचा दांडा उचलतो, आतलं लॉक वर होतं, इंजिन पुढे सरकतं आणि जबडा उघडतो.

आणखी थोडं पुढे, उत्तरेला घोलवडपाशी. 12 मार्च 2024 रोजी समर्पित मालवाहतूक मार्गाचा न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड हा टप्पा सुरू झाला. दीड किलोमीटर लांबीच्या गाड्या, कंटेनरवर कंटेनर, एकेका आसावर 25 टन, असा हिशेब धरून बांधलेला हा मार्ग. जोड मात्र त्याच घराण्यातला, जबड्यात जबडा.

पण एक काम राहिलंच आहे. जबडे आपोआप मिटतात, ब्रेकच्या हवेचे पाइप मिटत नाहीत. गाडी पूर्ण थांबते, इंजिन हलणार नाही याची खात्री होते, आणि मग पॉइंट्समन वाकून दोन वाघिणींच्या मधे जातो, होज पाइप एकमेकांत अडकवतो, अँगल कॉक उघडतो. हवा वाघिणीवाघिणीतून मागे सरकत जाते. शेवटच्या वाघिणीपर्यंत पुरेसा दाब पोचल्याची खातरजमा झाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. वाटेत एखादा जोड तुटलाच, तर हेच पाइप सुटून हवा निघून जाते आणि गाडीच्या दोन्ही तुकड्यांना ब्रेक लागतात.