रेकॉर्डची दुसरी बाजू

बर्‍याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परवा मावशीने फोनवर विचारलं, "ब्लॉग बंद केलास का रे?" म्हणून आज बसलोच. मावशी, आजचा लेख इंग्रजी गाण्याबद्दल आहे. कंटाळा आला तर मधलं सोडून थेट शेवटाकडे जा, तिथे तू ओळखतेस ती माणसं आहेत.

तर गोष्ट फ्लीटवुड मॅक या बँडची. हॉस्टेलवर आमच्याकडे त्यांच्या 'रूमर्स' अल्बमची एकच कॅसेट होती, कँपातून आणलेली. ती इतकी वाजली की शेवटी पेन्सिलीने टेप गुंडाळत बसावं लागायचं. अल्बममागची कथा आम्हाला तोंडपाठ होती, निदान तसं आम्हाला वाटायचं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटो गावच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत हे पाच जण रेकॉर्डिंगला बसले, तेव्हा पाचही जणांची घरं मोडत होती. जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही हे नवरा-बायको वेगळे होत होते. ड्रमवाल्या मिक फ्लीटवुडचं बायकोशी, जेनी बॉइडशी, बिनसलं होतं. (ही जेनी म्हणजे १९६८ मध्ये बीटल्सबरोबर ऋषिकेशला आलेली, जॉर्ज हॅरिसनची मेहुणी. जग लहान आहे.) आणि गिटारवाला लिंडसे बकिंगहॅम आणि गायिका स्टीवी निक्स, शाळेपासूनची ओळख, एकत्र उपाशी राहिलेले, तेही तुटत होते.

या दोघांचा १९७३ चा पहिला अल्बम साफ पडला होता. १९७४ च्या शेवटी मिकने एका स्टुडिओत त्यातलं गाणं ऐकलं आणि त्याला फक्त गिटारवाला हवा होता. लिंडसेने अट घातली, मी येईन पण स्टीवीही येईल. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढच्या भांडणात त्याची बाजू घेणारे हा मुद्दा हमखास काढतात. आम्हीही काढायचो.

प्रत्येकाने आपापल्या दुःखावर गाणं लिहिलं आणि ते वाजवायचं मात्र ज्याच्याबद्दल लिहिलं त्यानेच! क्रिस्टीनने नव्या प्रियकरावर गाणं केलं आणि जॉनला सांगितलं की ते कुत्र्यावर आहे. बिचार्‍या जॉनने त्यात झकास बास वाजवलाय. लिंडसेने 'गो युअर ओन वे' लिहिलं. त्यातली एक ओळ स्टीवीला धडधडीत खोटी आणि अपमानास्पद वाटली. तिने ती काढायला सांगितली, त्याने काढली नाही. पुढे किती वर्षं प्रत्येक कार्यक्रमात तिला त्याच गाण्यात त्याच्या सुरात सूर मिळवावा लागला.

तिचं उत्तर होतं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'. मेरिलँडमध्ये प्रवास करताना रस्त्यावरच्या पाटीवर तिने सिल्व्हर स्प्रिंग हे गावाचं नाव वाचलं आणि ते नाव तिला इतकं सुंदर वाटलं की ते गाण्यात आलं. संथ, उदास सुरुवात. आपण एकमेकांसाठी काय होऊ शकलो असतो याचा हिशोब. मग आवाज चढत जातो आणि शेवटी ती त्याला जवळजवळ शापच देते, की कुठेही गेलास तरी माझा आवाज तुझा पाठलाग करेल. हे गाणं तिने आईला दिलं होतं, म्हणजे त्याचे हक्क आईच्या नावावर केले होते.

आणि ते अल्बममधून काढलं गेलं.

कारण अगदी रुक्ष आहे. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत भरलं की खोबणी बारीक आणि दाट कराव्या लागतात, आवाज बसतो, ढोल-बास पातळ होतात. 'रूमर्स' दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांच्या आतच आहे. स्टीवीचं गाणं लांब होतं आणि संथही. त्याऐवजी तिचंच जुनं, सव्वातीन मिनिटांचं एक गाणं बाकीच्यांनी तिला न विचारता वाजवून ठेवलं. मिकने तिला ही बातमी स्टुडिओच्या पार्किंगमध्ये सांगितली आणि आपण तिथे आकांडतांडव केलं, असं तिने नंतर स्वतःच सांगितलंय. पण शेवटी आत जाऊन तिने ते दुसरं गाणं गायलं.

'सिल्व्हर स्प्रिंग्ज' गेलं कुठे? १९७६ च्या डिसेंबरात 'गो युअर ओन वे'ची छोटी रेकॉर्ड निघाली, तिच्या मागच्या बाजूला. म्हणजे वरच्या बाजूला त्याचा आरोप आणि खाली तिचं उत्तर. रेडिओवर मागची बाजू कोण लावतो? त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या दहात गेलं. अल्बम फेब्रुवारी १९७७ मध्ये आला, तिथे ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि त्यात तिचं उत्तर नव्हतं. (त्यात तिचं 'ड्रीम्स' होतं आणि ते तर पहिल्या क्रमांकावर गेलं, हे मान्य. पण 'ड्रीम्स' समजूतदार गाणं आहे. समजूतदार बाईला जागा मिळते, चिडलेलीला मिळत नाही.)

पुढे १९९१ च्या आपल्या निवडक गाण्यांच्या अल्बमसाठी स्टीवीने ते मागितलं, तर मिकने दिलं नाही. बँडच्या मोठ्या संचासाठी त्याला ते राखून ठेवायचं होतं. ती बँड सोडून गेली.

आता १९९७. पाचही जण पुन्हा एकत्र आले आणि मे महिन्यात बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रीकरण झालं, 'द डान्स'. आमच्यापर्यंत ते व्हीसीडीवर पोचलं. तोवर आम्ही नोकर्‍यांना लागलो होतो, पण शनिवारी एका मित्राकडे जमायचो. हे गाणं आमच्यातल्या कुणी ऐकलेलंच नव्हतं! शेवटच्या भागात स्टीवी माइकसकट लिंडसेकडे वळते आणि थेट त्याच्या डोळ्यांत बघत गाते. तोही गिटार वाजवता वाजवता नजर हटवत नाही. खोलीत कुणी बोललं नाही.

मग नेहमीप्रमाणे वाद. एक पक्ष म्हणाला, सगळं नाटक आहे, वीस वर्षांनी कोण इतकं पेटतं? दुसरा म्हणाला, हे नाटक असूच शकत नाही. मी नाटकवाल्यांत होतो. नंतर वाचलं की स्टीवीने स्वतःच सांगितलं होतं, हे चित्रीकरण कायमचं राहणार म्हणून तिने त्या दिवशी मुद्दाम तसं गायलं, लोकांना आमचं नातं काय होतं ते कळावं म्हणून. म्हणजे दोन्ही पक्ष बरोबर. ती कॅमेर्‍यासाठीच गात होती, आणि खरंच गात होती. वीस वर्षं नोंद झाली नव्हती, ती तिने एका संध्याकाळी करून घेतली.

आता मावशी, इथून वाच.

त्या खोलीत आमच्या ग्रूपमधलं एक जोडपंही असायचं. दोन वर्षांनी ते वेगळे झाले. तो आमचा रूममेट, त्यामुळे त्याची हकीकत आम्ही पहिल्या आठवड्यातच ऐकली, चहाबरोबर, सविस्तर. तिची कुणी विचारली नाही. तिने एकदा मला फोन केला होता, काहीतरी सांगायचं होतं तिला. मी म्हणालो, "अगं, मला सगळं माहितीये, जाऊ दे आता." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये क्रिस्टीन मॅकव्ही गेली, त्या रात्री मी 'द डान्स' पुन्हा लावलं आणि हे गाणं येण्याआधीच बंद केलं. नंबर शोधायला मला त्यानंतर बरेच महिने लागले. फोन केला, तर ती नाशिकला आहे, मजेत आहे, मुलगी बारावीला. मी चाचरत म्हणालो, तेव्हा तुला काही सांगायचं होतं...

"आत्ता? कुकर लावलाय रे," ती म्हणाली, "रविवारी कर. वेळ घेऊन कर."

रविवारी केला. दोन तास चालला. काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. मध्येच मी 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'चा विषय काढला, तर म्हणाली, "ते तुमचं इंग्रजी मला तेव्हाही आवडायचं नाही. मी तुमच्यासाठी पोहे करायचे म्हणून बसायचे."