‘इयत्ता’ : एका शब्दाचा व एका अडचणीचा इतिहास

प्राथमिक शाळेंत सर्वांच्या तोंडीं असलेला ‘इयत्ता’ हा शब्द शुद्ध संस्कृत आहे. ‘इयत्’ म्हणजे एवढें. त्यावरून झालेल्या ‘इयत्ता’ या भाववाचक नामाचा अर्थ परिमाण, मर्यादा. अमुक मुलगा अमुक इयत्तेंत आहे, म्हणजे त्याचें ज्ञान एवढें आहे, असा मूळ अभिप्राय. आज त्या शब्दावरून मुलाचें वय कळतें. ज्ञान कळतेंच असें नाहीं. हें अर्थांतर कसें घडलें, आणि असमान मुलांस निरनिराळा पाठ देण्याची सोय आपल्याकडे कितपत होती, याचा विचार येथें योजिला आहे.

प्रथम पंतोजीची शाळा पाहूं. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत, 1824 च्या सुमारास, मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची चौकशी झाली. तिचे कागद पुढें रा. वि. परुळेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केले. त्यांवरून दिसतें तें असें कीं, शाळा देवळांत, कोणाच्या ओसरीवर किंवा पंतोजीच्या घरीं भरे. शिक्षक एक, मुलें साधारणतः पंधरा-वीस. वर्ग नव्हते व छापील पुस्तकें नव्हतीं. मुलगा वर्षांतून केव्हांही येई आणि जेथें असेल तेथून पुढें चाले. एक धुळपाटीवर ओनामा गिरवीत असे, दुसरा पाढे म्हणे, तिसरा पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत पोंचलेला असे, तर चौथा मोडी कित्ता वळवी. पुढें गेलेला मुलगा मागच्यास शिकवी. म्हणजे वाट सर्वांस एकच, परंतु चाल ज्याची त्याची.

हिंदुस्थानांतील या रीतीचा एक प्रवास मनोरंजक आहे. मद्रासेस एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक अँड्र्यू बेल यानें देशी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें काढतांना पाहिलीं. मुलांकरवीं मुलांस शिकविण्याचा प्रयोग त्यानें आपल्या शाळेंत केला व 1797 सालीं लंडनांत त्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. जोसेफ लँकेस्टर यानें त्याच धर्तीवर मोठ्या शाळा चालविल्या. त्याच्या पद्धतींत मुलाचा गट वाचनांत एक व गणितांत दुसरा असूं शके, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें मुंबईच्या शाळामंडळींच्या द्वारें हीच रीति विलायती नांवानें आपल्याकडे परत आली.

परंतु पंतोजीच्या शाळेचें स्तोत्र गाण्याचें कारण नाहीं. तेथें गतीचा भेद होता, विषयाचा नव्हता. अर्थ कळो न कळो, पाठांतर चाले आणि छडी सर्वांस समान असे. शिवाय मुली आणि अस्पृश्य मानलेल्यांचीं मुलें तेथें नव्हतींच. वेदान्तग्रंथांच्या आरंभीं जें अनुबंधचतुष्टय सांगतात, त्यांत अधिकारी हा पहिला. शिकणारा कोण व त्याची तयारी किती, हें पाहून मग विषय सांगावा, हें तत्त्व निर्दोष आहे. दोष असा कीं, आपण तो अधिकार तयारीवरून न ठरवितां जन्मावरून ठरविला. पाठाचा भेद योजणाऱ्यानें हा इतिहास विसरूं नये.

1854 च्या खलित्यानंतर 1855 मध्यें मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें स्थापन झालें. मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं मराठी क्रमिक पुस्तकें तयार झालीं, इयत्ता बांधल्या गेल्या, तपासणी आली व कांहीं शाळांचें अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरूं लागलें. यामुळें शाळांस शिस्त लाभली, आणि गांवोगांवच्या मुलांस एकच पुस्तक मिळालें, हा लाभ लहान नव्हे. पण गति पुस्तकाची झाली. मागें राहिलेल्या मुलास नापास करून पुन्हां तेंच पुस्तक देणें, एवढाच उपाय उरला.

या एकसुरीपणाविरुद्ध स्पष्ट बोलणारे जोतीराव फुले होत. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान यांची मागणी केली. आणि खेड्यांतील शाळांचे विषय शहरांतल्यांहून कमी असले तरी चालतील, पण उपयुक्ततेंत ते उणे असूं नयेत, असें सांगितलें. भेद करावा, पण हलकें शिक्षण देण्यासाठीं करूं नये, हा विवेक त्यांत आहे.

त्यापुढचें पाऊल आपल्याच ठाणें जिल्ह्यांत पडलें. 1945 मध्यें ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी ती हीच. 1957 त केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलें गुरें राखीत, म्हणून कुरणांतच शाळा भरूं लागली व तिला कुरणशाळा हें नांव पडलें. बोर्डी व कोसबाड 2014 पासून पालघर जिल्ह्यांत मोडतात. पंतोजीनें फक्त चाल मुलावर सोडली होती. येथें स्थळ, वेळ व साधन हींही मुलाकडे पाहून ठरलीं.

आतां कळव्याकडे येऊं. खाडीपलीकडचें हें आगरी-कोळ्यांचें गांव. 1854 सालीं आगगाडी खाडी ओलांडून कल्याणास गेली, पुढें कारखाने आले, आणि 1982 मध्यें गांव ठाणें महानगरपालिकेंत गेलें. गांवच्या मुलांशेजारीं देशावरून व परप्रांतांतून आलेल्या कामकऱ्यांचीं मुलें एका बांकावर बसूं लागलीं. प्रस्तुत लेखकानें तेथें अनेक वर्षें एकच पाठ सर्वांस समान दिला व तोच न्याय मानिला. चौथीच्या बांकावर अक्षरओळख नसलेला मुलगा वर्षभर गप्प बसे, आणि त्या गप्प बसण्यास मीं शिस्त समजलों. ही चूक निवृत्तीनंतर हे कागद वाचतांना कळली.

2009 च्या कायद्यानें शाळेंत न गेलेल्या मुलास वयानुरूप वर्गांत प्रवेश व विशेष प्रशिक्षण यांचा हक्क दिला आहे. हें न्याय्यच आहे. परंतु त्यामुळें एका वर्गांत चार पायऱ्यांचीं मुलें असणें, हा आतां अपवाद नसून नियम आहे. तेव्हां शिक्षकानें टांचण काढतांना एका धड्याचे तीन-चार पाठ योजावे, वाचनाचा गट व गणिताचा गट वेगळा ठेवावा, पुढच्यानें मागच्यास हात द्यावा, आणि गट दर महिन्यास मोडून नवे करावे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. कारण न मोडणारा गट म्हणजे नवी जातच. ‘इयत्ता’ म्हणजे ‘एवढें’. तें आज एवढें आहे, उद्यां अधिक होईल, हें शिक्षकानें गृहीत धरिलें तरच त्या शब्दाचा अर्थ राखिला जाईल.