बोलोन्याच्या पोळपाटावरचा पास्ता

इटलीत पास्त्याचे दोन मूळ प्रकार आहेत आणि ते दोन वेगळ्या गव्हांतून आले आहेत. दक्षिणेत, सिसिलीपासून नेपल्सपर्यंत, ड्यूरम हा कठीण दाण्याचा गहू पिकतो. त्याचा पिवळसर रवा नुसत्या पाण्यात मळला तरी आकार धरतो, उन्हावाऱ्यावर नीट वाळतो आणि दीर्घकाळ टिकतो. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात मऊ गहू होतो. त्याचे बारीक पीठ पाण्यात मळून लाटले, तर उकळताना लिबलिबीत होते. म्हणून तिथे पाण्याची जागा अंड्याने घेतली. अंड्यातली प्रथिने उष्णतेने घट्ट होतात आणि कागदासारखी पातळ पारीही शिजताना विरत नाही. हा पास्ता साठवणीचा नव्हे, ताजा खाण्याचा. इटलीत फिरायला आलेला प्रवासी अर्ध्या दिवसाच्या वर्गात पीठ मळून जे शिकतो, ते बहुतेक वेळा हेच काम असते. त्याचे मुख्य घर म्हणजे एमिलिया-रोमान्या हा प्रांत आणि त्याची राजधानी बोलोन्या.

गव्हाच्या बाबतीत मराठी वाचकाला एक नाते जवळचे वाटेल. महाराष्ट्रात खपली म्हणून ओळखला जाणारा गहू ड्यूरमचा पूर्वज आहे. इटलीत तोच फार्रो या नावाने विकला जातो. आपल्याकडचा बन्सी गहू तर ड्यूरमच.

लेखी इतिहासात आधी भेटतो तो वाळवलेला पास्ता. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारातला भूगोलज्ञ अल-इद्रिसी याने ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन आहे. तिथे पिठाच्या शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होई आणि जहाजांतून कालाब्रियात, तसेच मुसलमान व ख्रिस्ती मुलखांत जाई. १२७९ मध्ये जेनोवातल्या एका नोटरीने एका मृताच्या मालमत्तेची यादी केली, तीत मॅकरोनीने भरलेल्या पेटीची नोंद आहे. मार्को पोलो चीनहून परतला १२९५ मध्ये. त्यामुळे पास्ता त्याने आणला ही गोष्ट टिकत नाही. ती लोकप्रिय झाली ती अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या नियतकालिकाने १९२९ मध्ये छापलेल्या कथेमुळे.

लाटलेल्या पास्त्याचा माग पाकग्रंथांतून लागतो. १३०० च्या आसपासच्या ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन ग्रंथात लाझान्याची कृती आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यात बोकाच्चोने ‘डेकामेरॉन’मध्ये किसलेल्या पार्मेझानचा डोंगर रंगवला. त्यावर बसलेले लोक मॅकरोनी आणि राव्हिओली करून कोंबड्याच्या रश्श्यात शिजवत असतात. १५७० मध्ये पोपच्या स्वयंपाकघराचा प्रमुख बार्तोलोमेओ स्काप्पी याचा सचित्र ग्रंथ व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यातल्या चित्रांत कढया-झाऱ्यांबरोबर लाटणी आणि करंजीच्या कातणासारखी चाकेही दिसतात. हे सारे दरबारचे वैभव आहे. लाटण्याची खरी परंपरा मात्र ज्या घरांत वाढली, त्यांच्याबद्दल या ग्रंथांत एक ओळही नाही.

ती घरे शेतकऱ्यांची होती. एमिलिया-रोमान्यात शतकानुशतके अर्धलीची पद्धत होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक दोघांत वाटून. अशा शेतीला मनुष्यबळ लागे, म्हणून भाऊ-भावजया, मुले-सुना एकाच छपराखाली राहत. घराच्या आतला सारा कारभार एका बाईच्या हाती असे. तिथल्या बोलीत तिला अझ्दोरा म्हणत. कोंबड्या आणि अंडी तिच्या ताब्यातली. अंडी विकून मीठ, सुतासारख्या वस्तू येत. त्यामुळे पास्त्यात किती अंडी घालायची हा हिशेबाचा प्रश्न होता. रोजच्या पिठात अंडी कमी आणि पाणी जास्त, रविवारी आणि सणाला पूर्ण अंड्यांचा पिवळाधमक पास्ता. कडेचे वेडेवाकडे तुकडे घेवड्याच्या सूपमध्ये जात. नाताळच्या आधी घरातल्या बायका टेबलाभोवती बसून सारण भरलेल्या तोर्तेल्लिनी वळत आणि लहान मुलींची बोटे तिथेच तयार होत. ही विद्या कोणी लिहून ठेवली नाही, कारण लिहिण्याची गरजच नव्हती. शिकवणारी आणि शिकणारी एकाच घरात राहत होत्या.

कामाची रीत आजही फारशी बदललेली नाही. माणशी १०० ग्रॅम पीठ आणि एक अंडे, हे मूळ माप. लाकडी फळीवर पिठाचे आळे करायचे, मधल्या खळग्यात अंडी फोडायची, काट्याने फेटत कडेचे पीठ थोडे थोडे आत ओढायचे. मग तळव्याच्या टाचेने कणीक पुढे रेटायची, दुमडायची, फिरवायची. गोळा गुळगुळीत झाला की झाकून अर्धा तास मुरू द्यायचा. मळताना ताणली गेलेली ग्लुटेनची जाळी या वेळात सैलावते. ती सैलावली नाही, तर लाटलेली कडा मागे आखडते.

खरे कौशल्य यापुढचे. बोलोन्याचे लाटणे हातभराहून कितीतरी लांब असते, कारण पोळी एकच आणि ती टेबलभर पसरायची असते. नुसते दाबून ती पातळ होत नाही. तिची पुढची कड लाटण्यावर गुंडाळायची आणि दोन्ही तळवे मधून कडेकडे सरकवत ती ताणायची. मग पाव वळसा फिरवून पुन्हा तेच. कडेला जाड आणि मध्ये फाटकी असे होऊ न देणे यातच हाताची पारख होते. पोळीतून पलीकडच्या टेकडीवरचे सान लुकाचे देऊळ दिसले पाहिजे, असे बोलोन्यात सांगतात. लाकडाची फळी आणि लाकडाचे लाटणे यांमुळे पोळीचा पृष्ठभाग किंचित खरबरीत राहतो आणि मांसाचा दाट रस्सा त्याला धरून राहतो. यंत्राच्या धातूच्या रुळांतून निघालेली पट्टी गुळगुळीत असते. हातच्या पास्त्याचा आग्रह हा केवळ जुन्याचा हळवेपणा नाही, हे या एका फरकावरून पटते.

शहरात याच कौशल्याचा धंदा झाला. पोळी लाटणारीला स्फोलिना म्हणतात. ताज्या पास्त्याच्या दुकानांत आणि खानावळींत सकाळपासून लाटण्याचे काम तिचे. या प्रांतातल्या फोर्लिम्पोपोली गावी १८२० मध्ये जन्मलेल्या पेल्लेग्रीनो आर्तूझीने १८९१ मध्ये फ्लॉरेन्समधून स्वखर्चाने छापलेल्या पाकग्रंथाने इथले पदार्थ देशभरच्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचवले. पुस्तकामागचे हात मात्र मारिएत्ता साबातीनी या त्याच्या स्वयंपाकिणीचे आणि स्वयंपाकी फ्रांचेस्को रुफील्ली याचे होते. आर्तूझीने मृत्युपत्रात ग्रंथाचे हक्क या दोघांच्या नावे केले. घरकाम करणाऱ्यांच्या श्रमाची अशी जाहीर कबुली त्या काळात दुर्मीळच.

विसाव्या शतकात घरातल्या घरात ही विद्या पुढे देण्याचा धागा तुटत गेला. यंत्रांना सारा दोष देणे बरोबर नाही. हाताने फिरवायची छोटी रूळयंत्रे १९३० च्या दशकात घरोघरी येऊ लागली आणि १९३३ मध्ये पार्मातल्या ब्राइबांती बंधूंनी अखंड चालणारे पास्तायंत्र बनवले, पण त्याने मुख्यतः कारखान्यातला कोरडा पास्ता स्वस्त झाला. घाव बसला तो घराच्या रचनेवर. १९५० आणि ६० च्या दशकांत तरुण माणसे शेती सोडून शहरांतल्या कारखान्यांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धलीचे नवे करार बंद झाले. मोठी कुटुंबे फुटून दोन खोल्यांची बिऱ्हाडे झाली, मुली नोकरीला लागल्या. मुलीला उसंत नाही आणि आई दुसऱ्या गावी, अशा घरात पोळी कोण कोणाला शिकवणार?

याच सुमारास शहराने आपल्या पास्त्याची सरकारदरबारी नोंद करायला सुरुवात केली. १९७२ मध्ये बोलोन्याच्या व्यापारी मंडळात तालियातेल्लेचे, म्हणजे पोळीच्या कापलेल्या पट्ट्यांचे, प्रमाण माप दाखल झाले. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. नमुन्यादाखल सोन्याची एक पट्टीही तिथे ठेवली आहे. १९७४ मध्ये तोर्तेल्लिनीच्या सारणाची नोंद झाली. डुकराचे मांस, कच्चे हॅम, मोर्तादेल्ला, पार्मेझान, अंडे आणि जायफळ. जोवर प्रत्येक घरात ही गोष्ट होत होती, तोवर अशा नोंदीची कोणाला आठवण झाली नव्हती.

पाहुण्यांसाठीचे वर्गही त्याच दशकातले. फ्लॉरेन्समध्ये जुलियानो बुज्याल्लीने इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली. एमिलिया-रोमान्यातल्या चेझेनातिकोत जन्मलेल्या मार्चेल्ला हाझान यांची वाट अधिक वळणाची होती. विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या हाझान लग्नानंतर न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे चिनी स्वयंपाकाच्या वर्गाला बसल्या. सोबतच्या बायकांनी त्यांना इटालियन स्वयंपाक शिकवण्याची गळ घातली आणि १९६९ मध्ये त्यांच्या घरीच वर्ग सुरू झाला. १९७३ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि १९७६ मध्ये त्यांनी बोलोन्यात शाळा काढली. स्वयंपाक शिकण्यासाठी समुद्र ओलांडून या शहरात येण्याची रीत पडली ती अशा शाळांमुळे.

पुढे पाया रुंदावला. १९८५ च्या कृषिपर्यटन कायद्याने शेतकऱ्याला घरी पाहुणे ठेवण्याची चौकट मिळाली आणि शेतावरचे स्वयंपाकघर वर्ग भरवण्याची जागा झाले. १९९३ मध्ये आलेस्सांद्रा स्पिस्नी यांनी बोलोन्यात ‘ला व्हेक्या स्कुओला बोलोन्येझे’ ही शाळा सुरू केली. तिथे हौशी पाहुण्यांबरोबर धंदा म्हणून स्फोलिना होऊ पाहणारेही शिकतात. २००४ मध्ये बोलोन्यातल्या समाजशास्त्राच्या प्राध्यापक एजेरिया दी नाल्लो यांच्या पुढाकाराने चेझारीने ही गृहिणींची संघटना उभी राहिली. तिच्या सदस्या आपल्या घरी पाहुण्यांना जेवू घालतात, शिकवतात आणि त्याचे पैसे घेतात. अझ्दोराला या कामाचा कधी मोबदला मिळाला नव्हता, हे लक्षात घेतले तर हा बदल लहान नाही. फोर्लिम्पोपोलीत २००७ मध्ये आर्तूझीच्या नावाचे केंद्र उघडले. तिथे पोळी शिकवणारे स्वयंसेवक मारिएत्ताचे नाव लावतात.

दक्षिणेतल्या वर्गांची तऱ्हा निराळी. पुल्या या प्रांतात लाटणे लागत नाही. ड्यूरमच्या कणकेची वळी कापायची, तुकडा बोथट सुरीने फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटवायचा, की कानाच्या पाळीसारखे ओरेक्किएत्ते तयार. तिथल्या बारीच्या जुन्या शहरात आर्को बास्सो या गल्लीत बायका दारात बसून ते वळतात आणि तिथेच चाळण्यांवर वाळत घालून विकतात.

बोलोन्यात प्रवाशांचा वर्ग साधारण तीन-चार तासांचा असतो. मळणे, मुरवणे, लाटणे, तालियातेल्ले कापणे, थोडे तोर्तेल्लिनी वळणे आणि शेवटी एकत्र जेवण. वेळेच्या हिशेबाने रस्सा आणि सारण बहुधा आधीच तयार ठेवतात आणि पोळी एक-दोन अंड्यांची घेतात. खानावळीतल्या स्फोलिनाला मात्र त्याहून कितीतरी मोठी पोळी एकसारख्या जाडीची, रोज आणि न थकता लाटावी लागते. म्हणून धंद्यासाठी शिकणाऱ्यांचे अभ्यासक्रम वेगळे असतात आणि त्यांत दिवसच्या दिवस फक्त लाटण्याचा सराव चालतो.