हँडगार्ड आणि रेल (रायफलचे)

रायफलच्या नळीभोवती, पुढच्या हाताची पकड बसते त्या जागी असलेले आवरण म्हणजे हँडगार्ड. सलग गोळीबारात तापणाऱ्या नळीपासून तो हाताला वाचवतो. दिवा, दुर्बीण किंवा बायपॉड (दोन पायांचा आधार) बसवण्यासाठी ठरावीक मापाच्या खाचा असलेली पट्टी म्हणजे रेल. स्वस्त आणि टिकाऊ हँडगार्ड निवडताना बहुतेकांची नजर आधी रेलच्या लांबीवर जाते. खरे तर हँडगार्ड रायफलला कशाच्या आधाराने जोडला आहे, हे आधी पाहायला हवे.

मराठवाड्यातील हिंगोलीचा बंदुकीशी संबंध जुना आहे. 19व्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 येथे आहे. छावणीच्या सुरुवातीच्या काळातील ठासणीच्या बंदुकीला वेगळ्या हँडगार्डची गरज नव्हती. एक बार भरायलाच इतका वेळ जाई की नळी फारशी तापत नसे. मागून काडतूस भरायच्या मार्टिनी-हेन्री रायफलने ही स्थिती बदलली. 1879 च्या झुलू युद्धात ब्रिटिश सैनिक तिच्या पुढच्या भागाला कातडे शिवून घेत, कारण नळी हातात धरवत नसे. पुढे .303 शॉर्ट ली-एनफिल्डमध्ये नळीच्या वरूनही लाकडी आवरण आले. महाराष्ट्र पोलिसांच्या हाती .303, मग एसएलआर आणि नंतर इन्सास अशा तिन्ही पिढ्या आल्या. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेने आराखडा केलेल्या इन्सासमध्ये लाकडाची जागा प्लास्टिकने घेतली. मूळ इन्सासच्या हँडगार्डवर रेल मात्र नव्हती.

लाकूड उष्णता हातापर्यंत पोहोचू देत नाही आणि धक्का सोसते. पण पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फुगलेले लाकूड नळीला एका बाजूने रेटू लागले की गोळीचा नेम सरकतो. मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर आणि जुलैत सततची ओल असलेल्या मराठवाड्यात हा दोष चांगलाच जाणवतो. काचतंतू मिसळलेले नायलॉन फारसे फुगत नाही, गंजत नाही आणि स्वस्तही पडते. मात्र लांब आवरणाच्या टोकावर भार आला की ते वाकते. ॲल्युमिनियम वाकत नाही, पण उष्णता झटकन हातापर्यंत आणते. उन्हात ठेवलेली रायफल एकही गोळी न झाडता चटका देते. म्हणून चांगल्या ॲल्युमिनियम हँडगार्डला हवेसाठी झरोके असतात आणि पकडीच्या जागी रबराचे किंवा प्लास्टिकचे आवरण चढवता येते.

या कामासाठी ॲल्युमिनियमचे 6061 आणि 7075 हे दोन मिश्रधातू प्रामुख्याने वापरले जातात. उष्णोपचारानंतर 7075 ची ताकद 6061 च्या दुपटीच्या जवळ जाते, पण तो महाग असतो आणि गंजाला लवकर बळी पडतो. हँडगार्डसाठी 6061 पुरेसा आहे. जास्तीचा पैसा धातूच्या क्रमांकावर घालण्यापेक्षा त्यावरच्या कठीण ॲनोडायझिंगवर घालावा. सुमारे 50 मायक्रॉनचा हा थर ओरखडे, घाम आणि ओल यांना रोखतो. नुसत्या रंगाने ते काम होत नाही.

रेलमध्ये सर्वांत रुळलेले माप पिकॅटिनीचे. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या पिकॅटिनी आर्सेनलवरून नाव मिळालेले हे मानक 1995 मध्ये ठरले. त्यात खाच 5.23 मिलिमीटर रुंद असते आणि दोन खाचांच्या मध्यांतील अंतर 10.01 मिलिमीटर. माप एकच असल्याने एका कंपनीचा दिवा दुसऱ्या कंपनीच्या रायफलवर बसतो. चारही बाजूंनी अशी रेल असली तर मात्र वजन वाढते आणि कडा हाताला बोचतात. त्यामुळे गुळगुळीत नळकांड्याला फक्त भोके ठेवून हवे तेथेच तुकडा जोडण्याच्या पद्धती आल्या: 2012 मध्ये कीमॉड आणि 2014 मध्ये एम-लॉक. अमेरिकी नौदलाच्या क्रेन येथील केंद्राने 2017 मध्ये दोन्हींची तुलना केली. उपकरण काढून पुन्हा बसवल्यावर एम-लॉकवर नेम कमी हलला आणि त्याने भारही जास्त सोसला. भारतीय लष्कराने 2019 मध्ये करार केलेल्या 72,400 सिग 716 रायफलींवर एम-लॉकचाच हँडगार्ड आहे.

आता जोडणीचा मुद्दा. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारच्या रायफलने खेळतो, तिची नळी पुढे कशालाही टेकत नाही. हाताचा आधार आणि पट्टा खालच्या आवरणातील रेलवर घेतला जातो, त्यामुळे त्यांचा ताण नळीपर्यंत पोहोचत नाही. लष्करी रायफलीतला ‘फ्री फ्लोट’ हँडगार्ड याच तत्त्वावर चालतो. तो फक्त मागे, नळीच्या नटावर घट्ट बसतो. या जोडावर लांब पकड, दोनपेक्षा जास्त स्क्रू आणि आवरण गोल फिरू न देणारी खाच असावी. स्वस्त मालात काटकसर नेमकी येथे झालेली असते. हाताने पिळल्यावर किंचितही हलणाऱ्या हँडगार्डवर दिवा चालेल, पण लेसर किंवा नेमाचे कोणतेही साधन लावू नये.

बंदोबस्तावरच्या दलात रायफल झाडली जाते कमी आणि वाहिली जाते जास्त. गाडीच्या फळीवर आपटणे, पावसात भिजणे, पट्ट्याने खांद्याला घासणे हे तिचे रोजचे आयुष्य. अशा वापराला दिव्यापुरती आखूड रेल असलेला जाड प्लास्टिकचा हँडगार्ड लांब ॲल्युमिनियमपेक्षा योग्य ठरतो. तो फुटला तरी थोडक्या खर्चात बदलता येतो.

नागरी परवान्यावरची ईशापूरची .315 रायफल लाकडी दस्त्याची असते, त्यामुळे तिथे हँडगार्ड बदलण्याचा प्रश्नच येत नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी बाळगतात त्या ठासणीच्या बंदुकीचेही तसेच. इतर परवानाधारकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: शस्त्र अधिनियम 1959 मधील ‘शस्त्रे’ या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. परवान्यावरील बंदुकीत कोणताही फेरबदल करण्यापूर्वी, किंवा बाहेरून सुटा भाग मागवण्यापूर्वी, जिल्हादंडाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करावी.