बालाघाटाची पायवाट आणि अडथळ्यांची शर्यत : मांडव्यापासून ऑलिम्पिकपर्यंत

१/
६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत. केनियाच्या अब्राहम किबिवोटने ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत अंतिम रेषा ओलांडली. त्यानंतर अवघ्या ०.०५ सेकंदाने तीच रेषा ओलांडली बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने.

२/
या रौप्यपदकाचे मोल समजण्यासाठी एक नोंद पुरेशी आहे. १९९८ ते २०१८ या काळातील सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच गेली होती. ही मक्तेदारी मोडणारा धावपटू मराठवाड्यातल्या एका अवर्षणप्रवण तालुक्यातून आला. तो तेथवर कसा पोहोचला, याचा हा इतिहास.

३/
आधी या शर्यतीचे नाव. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच, निमुळता मनोरा. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघा घोडेस्वारांनी पैज लावली आणि बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडे फेकले, असे परंपरा सांगते. वाट ठरलेली नव्हती. दूरचा मनोरा नजरेत ठेवायचा आणि मध्ये येणारे बांध, कुंपणे, ओढे ओलांडत जायचे, एवढाच नियम.

४/
घोड्यांचा हा खेळ माणसांच्या पायांवर आला तो ऑक्सफर्डमध्ये. १८५० च्या सुमारास एक्सेटर कॉलेजचे विद्यार्थी घोड्यांच्या शर्यतीनंतर गप्पा मारत बसले होते. घोड्याने दगा दिलेला एक जण वैतागून म्हणाला, असल्या जनावरावर बसण्यापेक्षा दोन मैल पायी धावलेले बरे. त्यातूनच माणसांची अडथळ्यांची शर्यत सुरू झाली, अशी कथा आहे. १८७९ पर्यंत ती इंग्लंडच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतही दाखल झाली.

५/
म्हणजे मोकळ्या रानातल्या धावण्याला एकोणिसाव्या शतकात तीन फांद्या फुटल्या. शेताशिवारांतून धावणारी क्रॉस-कंट्री ही पहिली. थेट डोंगर चढून उतरण्याची शर्यत ही दुसरी : स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर धावत जाऊन परत येण्याची पहिली नोंदलेली वेळ १८९५ सालची आहे, २ तास ४१ मिनिटे. तिसरी स्टीपलचेस. तिने रानातले बांध आणि ओढे उचलून मैदानात आणले.

६/
आजच्या स्टीपलचेसमध्ये ते रान आकड्यांत बांधलेले दिसते. ३००० मीटर अंतरात २८ कोरडे अडथळे आणि ७ पाण्याचे, एकूण ३५ उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्यालगत सर्वांत खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. ज्याची उडी लांब, त्याच्या पायाला पाणी कमी.

७/
साध्या हर्डल शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. स्टीपलचेसचा पडत नाही. तो जाड, वजनदार लाकडी तुळईचा असतो. धडकलात तर पडता ते तुम्हीच. शिवाय धावपटू घोळक्यात असतात, त्यामुळे पुढचा अडथळा बऱ्याचदा शेवटच्या क्षणी दिसतो. दर काही पावलांनी लय तुटते आणि थकल्या पायांनी ती पुन्हा जुळवावी लागते. डोंगरउतारावर धावणाऱ्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

८/
ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत १९०० साली आली. ३००० मीटर हे अंतर १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकपासूनचे. मोजमाप मात्र बराच काळ सैल होते. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला फेऱ्या मोजण्यात चूक झाली आणि अंतिम शर्यतीत सर्वांना एक फेरी जास्त धावावी लागली. या शर्यतीचे विश्वविक्रम अधिकृतपणे नोंदले जाऊ लागले ते १९५४ पासून.

९/
अँटवर्पचे १९२० हे वर्ष दख्खनसाठीही महत्त्वाचे आहे. त्याची सुरुवात आदल्या वर्षी पुण्यात झाली. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून उपस्थित होते. धावणाऱ्यांत मोठा भरणा खेड्यांतल्या शेतकऱ्यांचा होता. पाय अनवाणी, स्पर्धेच्या नियमांची फारशी ओळख नाही. तरीही त्यांच्यापैकी काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या आहेत, हे टाटांच्या लक्षात आले.

१०/
या निरीक्षणातून भारताचा पहिला ऑलिम्पिक संघ उभा राहिला. १९२० च्या संघात सहा जण होते : पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकिणी हे धावपटू, तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल. बेळगावच्या चौगुले यांनी ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला.

११/
यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, पुण्याच्या रस्त्यावर अनवाणी धावणारे ते शेतकरी १९१९ मध्ये अचानक वेगवान झाले नव्हते. दख्खनच्या डोंगरवाटांवर पायांनी पोट भरणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. मराठेशाहीत पत्रे पोचवणारे जासूद आणि हरकारे हेच काम करीत. १९१९ चे नावीन्य एवढेच की त्या दिवशी तेथे घड्याळ होते, आणि घड्याळाकडे पाहून पुढची व्यवस्था करू शकणारा माणूसही होता.

१२/
आता बीडकडे. १९२० मध्ये हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुणे आणि आष्टी यांच्यामधून राज्यांची सरहद्द जात होती. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. भूगोलाने जवळची असलेली ही दोन गावे कारभाराने एका राज्यात यायला १९५६ उजाडले.

१३/
बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीकाठची सखल, काळ्या मातीची गंगथडी. दक्षिणेला बालाघाटाचे पठार, मुरमाड जमीन, उघडे माळ आणि उथळ दऱ्या. आष्टी तालुका नैर्ऋत्येच्या टोकाला, पर्जन्यछायेत. दुष्काळ येथे पाहुणा नाही. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आष्टीला अहमदनगरहून रेल्वेगाडी सुरू झाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या रौप्यपदकानंतर!

१४/
अविनाश साबळेचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा, शेतकरी कुटुंबातला. घर आणि शाळा यांच्यामध्ये सहा किलोमीटरचे अंतर होते आणि वाहनाची सोय नव्हती. लहानपणापासून ते अंतर त्याने कधी चालत, कधी पळत कापले. ही गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. बहुतेक लेख तिच्यावरून थेट पदकावर उडी घेतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे थांबायला हवे.

१५/
कारण ही उडी घेताना दोन गैरसमज पक्के होतात. पहिला : डोंगराळ भागातली विरळ हवा धावपटू घडवते. केनियातले प्रसिद्ध सरावगाव इटेन सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. बालाघाटाची उंची हजार मीटरच्या आतली. येथली हवा त्या अर्थाने विरळ नाहीच. उंचीवरच्या सरावासाठी साबळेलाही पुढे अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गाठावे लागले.

१६/
दुसरा गैरसमज : गरिबी आणि पायपीट यांतून विजेते आपोआप निपजतात. तसे असते तर मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात ऑलिम्पिकपटू दिसले असते. रोज सहा किलोमीटर चालणारी मुले हजारोंनी होती. पायपीट दम देते. पण त्या दमाला स्पर्धा, प्रशिक्षक, पोषण आणि उपचार देण्याचे काम पायवाट करीत नाही. ते संस्थेलाच करावे लागते.

१७/
साबळेच्या बाबतीत ती संस्था सैन्य ठरली. बारावीनंतर तो भरती झाला आणि महार रेजिमेंटच्या ५ व्या बटालियनमध्ये गेला. या रेजिमेंटची स्थापना १९४१ साली बेळगावात झाली. पहिल्या महायुद्धानंतर महारांची पलटण मोडण्यात आली होती. सैन्याची दारे पुन्हा उघडावीत यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सातत्याने पाठपुरावा केला होता. आज या रेजिमेंटमध्ये अनेक समाजांचे सैनिक आहेत.

१८/
२०१३-१४ मध्ये त्याची नेमणूक सियाचीन हिमनदीवर होती. पुढे राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम. म्हणजे विशीच्या आसपास या जवानाने देशातली थंडी, उष्णता आणि उंची यांची टोके अनुभवली होती. मात्र धावपटू म्हणून त्याचे नाव अजून कोठेही नव्हते.

१९/
ते नाव झाले २०१५ पासून, सैन्यांतर्गत क्रॉस-कंट्री स्पर्धांत. खऱ्या अर्थाने त्याची ही पहिली शर्यत. येथे धावायला लागते ते माती, गवत, चढ आणि उतार यांवर. तेथे शाळेच्या वाटेवर कमावलेले पाय उपयोगी पडतात आणि ट्रॅकची सवय नसल्याचा तोटा कमी होतो. वर्षभरात तो राष्ट्रीय शिबिरात पोहोचला. मग दुखापत झाली आणि वजन वाढले. २०१७ मध्ये सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली तो स्टीपलचेसकडे वळला. वय तेव्हा बावीस पूर्ण.

२०/
या शर्यतीत भारताची परंपरा विरळ होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये गुलजारा सिंग मान धावले. त्यानंतर पुरुष स्टीपलचेसमध्ये भारताचा एकही धावपटू ऑलिम्पिकला गेला नव्हता. गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद, ३७ वर्षे टिकून होता. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची नोंद करून तो मोडला.

२१/
पुढच्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत या शर्यतीने आपला रानटी स्वभाव दाखवला. प्राथमिक फेरीत पुढच्या धावपटूच्या अडखळण्यामुळे साबळेची वाट दोनदा अडली. तरीही त्याने नवा राष्ट्रीय विक्रम केला, पण पात्रता हुकली. भारतीय संघाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम शर्यतीत जागा मिळाली. तेथे ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत १३ वा क्रमांक, आणखी एक राष्ट्रीय विक्रम आणि टोकियो ऑलिम्पिकची पात्रता. खेड्यातून एकटा आलेला धावपटू अशी दाद कोठे मागणार? मागे संस्था असण्याचा अर्थ असाही असतो.

२२/
टोकियोत अंतिम फेरी हुकली. त्यानंतर बर्मिंगहॅमचे रौप्य. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या या शर्यतीचे भारताचे हे पहिलेच सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. म्हणजे १९८१ चा विक्रम सहा वर्षांत वीस सेकंदांहून अधिक मागे पडला.

२३/
आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष. सुवर्ण मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीचे. साबळे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांसह ११ वा. बर्मिंगहॅमला ८ मिनिटे ११.२० सेकंदांनी रौप्य दिले होते. पॅरिसला त्याहून केवळ तीन सेकंद जास्त लागले आणि क्रमांक ११ वा आला. शिखरावर जागा किती अरुंद असते, हे या दोन आकड्यांतून कळते.

२४/
‘पहिला पुरुष’ हे शब्द नेमकेपणाने वापरले आहेत. कारण आठ वर्षे आधी, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, ललिता बाबर महिलांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी धावून १० वी आली होती. तिचे गाव मोही, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. माणही पर्जन्यछायेतलाच आणि टँकरची सवय असलेला. तिच्या मागची संस्था रेल्वे होती.

२५/
मांडवा आणि मोही. दोन अवर्षणप्रवण तालुके, दोन शेतकरी घरे, एकच शर्यत. एकाला सैन्याने वर काढले, दुसरीला रेल्वेने. या जोडीवरून दुष्काळ धावपटू घडवतो असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. अधिक सावध निष्कर्ष असा : अशा भागांत दम सर्वत्र पसरलेला असतो, तो ओळखणारी दारे फार थोडी असतात, आणि ती बहुतेक वेळा नोकरीच्या रूपाने उघडतात. नोकरी न मिळालेल्यांच्या वेळा कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत.

२६/
१९१९ चे पुणे आणि २०२४ चे पॅरिस यांच्यामध्ये १०५ वर्षे आहेत. या काळात बालाघाटाचे चढ होते तेवढेच राहिले आणि पोरांचे पळणेही थांबले नाही. बदलला तो पायवाट आणि ट्रॅक यांना जोडणारा रस्ता, आणि तोही एखाद-दुसऱ्यासाठीच. आष्टी तालुक्यात आज शाळेकडे पळणाऱ्या मुलांना साबळेचे नाव ठाऊक आहे. १९९४ साली जन्मलेल्या मुलाला असे एकही नाव ठाऊक नव्हते. आता घड्याळ धरणारा माणूस त्यांच्या माळापर्यंत पोहोचायचा आहे.

(धागा समाप्त)